एचआरच्या माणसाने मध्यस्थी करावी का? (आणि ते ४० तासांचं ट्रेनिंग)

मुग्धा_टी | १२ जाने, २२:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी लोअर परळच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. हेड ऑफिसात दीडशेच्या आसपास माणसं, प्लांट तळोज्याला. आमच्याकडे अकाउंट्सचे एक सीनियर आणि डिस्पॅचच्या एक मॅडम गेले अकरा महिने एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांच्या टेबलांमध्ये सात-आठ पावलांचं अंतर. पण "चलानची प्रत मिळाली नाही" हेसुद्धा मेलवर, आणि सीसीमध्ये डायरेक्टर. त्या मधल्या पट्ट्याला ऑफिसात सगळे एलओसी म्हणतात. आमचा शिपाई दिवसभर फायली घेऊन सीमा ओलांडत असतो. सध्याचा मध्यस्थ तोच.

आता कंपनीने मला मध्यस्थी आणि कामाच्या ठिकाणचे वाद या विषयाच्या कोर्सला पाठवायचं ठरवलंय. एकूण ४० तास, शनिवार-रविवार धरून. पैसे कंपनी भरतेय, त्यामुळे तक्रार नाही. पण परवा लिफ्टमध्ये डायरेक्टर म्हणाले, "शिकून या आणि आधी त्या दोघांचं बघा. आणि दोघांत खोटं कोण बोलतंय ते मला सांगा."

तेव्हापासून डोक्यात दोन प्रश्न आहेत. एक, या ट्रेनिंगने खरंच काही येतं, की भिंतीवर लावायला एक फ्रेम मिळते? दोन, माझा पगार कंपनी देते. मला मधलं कोण मानणार?

चहाबाज | १२ जाने, २२:३१

ताई, मुंबईत याला मांडवली म्हणतात. ४० तास लागत नाहीत, दोन फोन आणि एक कटिंग पुरते. सर्टिफिकेट मात्र देत नाहीत.

संगणकी_हमाल | १२ जाने, २२:५०

वाचतोय. आमच्या बेलापूरच्या ऑफिसात एसीच्या रिमोटवरून दोन टीममध्ये युद्ध चालू आहे. रिमोटला सेलोटेप लावून २४ वर कायमचा बांधलाय आणि वर चिठ्ठी आहे, "हात लावू नये, आदेशावरून". आदेश कोणाचा, हे कोणालाच माहीत नाही.

शाल्मली_दादर | १३ जाने, ०८:०५

मी वकील आहे आणि गेली काही वर्षं कोर्टाच्या मध्यस्थ पॅनेलवर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

४० तास हा आकडा आकाशातून पडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मध्यस्थी आणि समेट यांसाठी एक प्रकल्प समिती नेमली. तिने कोर्टांसाठी जो मध्यस्थ प्रशिक्षणाचा साचा केला, तो ४० तासांचा. मुळात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ नव्या रूपात २००२ पासून लागू झालं, तेव्हापासून कोर्टं चालू खटले मध्यस्थीकडे पाठवू लागली. मग शिकलेले मध्यस्थ हवेत, म्हणून ट्रेनिंग. खासगी कोर्सवाल्यांनीही तोच आकडा उचललाय.

आता काय शिकवतात? व्याख्यानं असतात, ती विसरलीत तरी चालेल. खरं ट्रेनिंग म्हणजे रोल-प्ले. दोघं भांडतात, एक मध्यस्थ होतो, आणि कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक वहीत खुणा करत असतो. मी तेव्हा पंधरा वर्षं कोर्टात वाद घालत होते. पहिल्या रोल-प्लेत चौथ्या मिनिटाला मी निकाल देऊन मोकळी झाले! प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला अजून कोणी न्यायाधीश केलेलं नाही." गप्प कसं बसायचं, हे तिथे शिकले. ऐकलेलं धार काढून परत कसं सांगायचं, हेही. "तो चोर आहे" याचं "हिशोब वेळेवर आणि समोर व्हावा, हे तुम्हाला महत्त्वाचं वाटतं" असं करायचं. वाचायला सोपं वाटतंय. समोर माणूस थरथरत असताना करून बघा.

डायरेक्टरच्या त्या वाक्याबद्दल: खोटं कोण बोलतंय हे शोधणं म्हणजे चौकशी, मध्यस्थी नव्हे. दोन्ही एकाच माणसाने एकाच प्रकरणात करू नयेत. त्यांना हे कोर्सच्या आधीच सांगा, नंतर जड जाईल.

शब्दखोर | १३ जाने, ०९:२०

शब्दांचा घोळ आधीच निस्तरू या. लवाद निवाडा देतो आणि तो बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, बोलणं घडवतो. समुपदेशक एका माणसाच्या मनाकडे बघतो. आणि कामगार खात्यातला तो समेट अधिकारी. मराठी वर्तमानपत्रं आर्बिट्रेशनलाही बिनदिक्कत मध्यस्थी लिहितात, त्यामुळे लोकांना वाटतं मध्यस्थ म्हणजे छोटा जज.

चहाबाज | १३ जाने, ०९:२६

आणि मांडवलीवाला?

शब्दखोर | १३ जाने, ०९:२९

तो दोन्हीकडून कट घेतो. मध्यस्थाची फी आधी सांगितलेली असते, एवढाच फरक.

खडूस_कोकणी | १३ जाने, ११:४४

मी असल्या तीन ट्रेनिंगांना बसलोय. तिन्हीकडे तीच संत्र्याची गोष्ट. दोन बहिणी, एक संत्रं, दोघींनाही तेच हवं. आई अर्धं अर्धं कापून देते. मग कळतं की एकीला रस हवा होता, दुसरीला साल. सगळे "वाऽऽ" करतात आणि चहाला उठतात. आमच्या घरी आई म्हणाली असती, "मुकाट खा, नाहीतर दोघींनाही नाही."

मुद्दा असा की ऑफिसात बहुतेक वेळा दोघांनाही रसच हवा असतो. प्रमोशन एक, उमेदवार दोन. सालीत कोणाला रस? एचआर आली की गोड बोलून प्रकरण थंड करते, एवढंच. एचआर म्हणजे मालकाचं माणूस, यात मुग्धाताईंचा दोष नाही, त्यांची जागाच तशी आहे.

शाल्मली_दादर | १३ जाने, १३:१०

@खडूस, संत्र्याला मीही कंटाळलेय. त्यापेक्षा खिडकी बरी, आणि ती खरी घडलेली आहे. मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विदुषींनी १९२०च्या दशकात हा अनुभव सांगितला होता. त्या ग्रंथालयात बसल्या होत्या, खोली छोटी. एकाला खिडकी उघडी हवी, यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, यांच्या अंगावर वारा आला नाही. ही तडजोड नव्हती, कारण कोणी काही सोडलंच नाही. अर्धी उघडी ठेवली असती तर ती तडजोड झाली असती आणि दोघंही कुरकुरले असते.

पण प्रमोशनचा मुद्दा मान्य. प्रत्येक वादाला शेजारची खोली नसते.

संगणकी_हमाल | १३ जाने, १३:१५

आमच्या ऑफिसात खिडक्या उघडतच नाहीत. पुढे?

निवृत्त_फाईल | १४ जाने, १९:०२

कामगार खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटची काही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. समेटाच्या बैठका किती घेतल्या त्याची मोजदाद नाही.

लोकांना वाटतं सरकारी अधिकारी म्हणजे हुकूम सोडणार. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्याच्या हातात हुकूम नव्हताच. बोलवायचं, बसवायचं, बोलतं करायचं, आणि नाही जमलं तर तसा अहवाल वर पाठवायचा. कायद्यात १४ दिवस लिहिलेले होते. प्रत्यक्षात तारखा किती पडायच्या ते विचारू नका. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आलीय, पण टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं तीच आहेत.

मुग्धाताई, तुमच्या दोघांना आमच्याकडे येता आलं नसतं. मॅनेजर वगैरे मंडळी कायद्याच्या भाषेत कामगार नसतात. वीस किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती लागते, पण तीही कामगारांसाठी. म्हणजे मधल्या पायरीच्या माणसांना भांडायला जागाच नाही. म्हणून ती मेलवर भांडतात.

माझं ट्रेनिंग म्हणाल तर माझे पहिले साहेब. परळला आमची श्रमविज्ञान संस्था आहे (नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे तिला, तेच ते, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे). तिथे कायदा शिकलो. पण साहेबांकडून शिकलो ते हे: युनियनचा सेक्रेटरी वर तुमच्यासमोर कधीचाच तयार होऊन बसलेला असतो. अडचण असते ती खाली गेटवर उभ्या असलेल्या आपल्या पोरांना काय सांगायचं ही. मॅनेजमेंटच्या माणसालाही मालकाला तोंड दाखवायचं असतं. एकदा "मागणी मान्य" लिहिलं की मॅनेजर मेला, "मागणी अमान्य" लिहिलं की सेक्रेटरी मेला. मी लिहिलं, "मागणी क्र. ४ वर कंपनीने केलेली व्यवस्था युनियनने पाहिली व ती पुरेशी मानली." दोघांनी सह्या ठोकल्या आणि खाली जाऊन दोघंही जिंकले.

रात्रपाळी | १५ जाने, ०३:३८

रात्री वॉर्ड शांत आहे म्हणून लिहायला बसले. मी इन्चार्ज सिस्टर आहे, मुंबईतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात. ४० तासांचं वगैरे नाही, दोन दिवसांचं वर्कशॉप केलं होतं.

माझ्याकडच्या दोघी सिस्टर. एक म्हणायची, मला दुपारपाळी (२ ते ८) देऊच नका. दुसरी म्हणायची, रोटेशन म्हणजे रोटेशन, ही काय लाडकी आहे? तीन महिने हेच. मेट्रनने दोघींना मेमो दिला. त्याने एवढंच झालं की त्या माझ्याशीही बोलेनाशा झाल्या.

पहिली बैठक मी मेट्रनच्या केबिनमध्ये घेतली, तिथेच चुकलं. भिंत मेट्रनची, खुर्च्या मेट्रनच्या, कोण तोंड उघडणार? दुसऱ्यांदा लिनन रूममध्ये बसलो, चादरींच्या गठ्ठ्यांवर. वर्कशॉपमधला एकच प्रश्न माझ्या लक्षात राहिला होता: "ही ड्यूटी नको म्हणतेस, तर ती मिळाली की नेमकं काय अडतं?"

अडत होतं काय, तर ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवणं. रात्रपाळीची सिस्टर पावणेनऊशिवाय यायची नाही, मग औषधांची मोजणी, सह्या, ओव्हर देईपर्यंत सव्वानऊ. हिची नेहमीची बदलापूर गाडी गेलेली. पुढच्या गाडीने उतरलं की स्टेशनबाहेर शेअर रिक्षा नाही, अंधारात दीड किलोमीटर पायी. एकदा दोन पोरं मागे लागली होती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि रात्रपाळीला उशिरा येणारी कोण? तीच दुसरी. तिचा नवरा कामावरून साडेसातला येतो, तोपर्यंत लेकराला ठेवायला कोणी नाही.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी काहीच केलं नाही, खरंच. मोजणी मी स्वतः साडेसातला दुपारच्या सिस्टरबरोबर करून सही करायला लागले, आणि क्वार्टर्समध्ये राहणारी एक जण आठ ते पावणेनऊ थांबायला तयार झाली. त्या बदल्यात तिला महिन्यातून एक रविवार जास्त. दोघी मैत्रिणी झाल्या का? नाही. डबा अजून वेगवेगळाच खातात.

पार्ल्याच्या_काकू | १५ जाने, ०९:१२

रात्रपाळी, किती छान लिहिलंस गं! आमच्या सोसायटीत पार्किंगवरून चार वर्षं केस चालू आहे. तूच ये आमच्याकडे, गच्चीवर गठ्ठे मांडून देते. नव्या कायद्यात म्हणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणालाही मध्यस्थ आहे?

शाल्मली_दादर | १५ जाने, १०:४०

काकू, २०२३च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचं मंडळ असतं. पण त्यातला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. बाकीच्या मध्यस्थीतला येतो, हा मोठा फरक. शिवाय कायद्याची सगळी कलमं एकदम लागू केली नाहीत, ९ ऑक्टोबर २०२३ला काहीच केली. तेव्हा गच्ची झाडायची घाई नको :)

पार्ल्याच्या_काकू | १५ जाने, १०:५८

म्हणजे गावाकडची तंटामुक्तीच झाली की ही. आमच्या गावाला २००८ साली बक्षीस मिळालं होतं. ते कशावर खर्च करायचं यावरून नवा तंटा झाला.

चहाबाज | १५ जाने, ११:०३

काकू, तुम्ही रोज लिहीत जा.

पारिजात_७४ | १६ जाने, १६:२५

धागा पार्किंगमध्ये अडकायच्या आत एक गंभीर गोष्ट. मी दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर (लैंगिक छळाच्या तक्रारी बघते ती) बाहेरची सदस्य आहे. मुग्धा, कोर्स करून आलीस की तुला सगळीकडे मध्यस्थी दिसायला लागेल. लैंगिक छळाच्या तक्रारीला त्यातलं काहीही लावू नकोस. २०१३च्या कायद्यात कलम १० खाली समेटाची सोय आहे, पण तो चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त तक्रारदार बाईनेच मागितला तर. पैशांवर समेट होऊ शकत नाही. "बसून बोलून घ्या ना" हे वाक्य तिच्यासमोर तुझ्या तोंडून कधीही जाता कामा नये.

एका ठिकाणी मी हे बघितलंय. नुकतंच ट्रेनिंग घेऊन आलेल्या एका उत्साही साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवून "एकमेकांची बाजू समजून घ्या" म्हटलं. ती मुलगी आठवड्याने राजीनामा देऊन गेली. प्रकरण "मिटलं" असं फाईलवर लिहिलं गेलं.

खडूस_कोकणी | १६ जाने, १७:००

हेच म्हणतोय मी. मिटलं आणि मिटवलं यात फरक आहे.

गिरणगावचा_नाना | १८ जाने, ०७:१५

आज १८ जानेवारी, गिरणी संप सुरू झाला तो दिवस. आमच्या पिढीला तारीख सांगावी लागत नाही. १९८२ला मी एकवीस वर्षांचा होतो, साचेखात्यात (मागांवर) बदली कामगार. मुग्धाबाई, तुमचं ऑफिस कुठल्या टॉवरात आहे मला ठाऊक नाही, पण लोअर परळ म्हणजे खाली साच्यांचाच पाया असणार.

लोक विचारतात, त्या संपात कोणी मध्यस्थी का केली नाही? फिरले की पुष्कळ लोक. पण टेबल कोणतं? बीआयआर (मुंबई औद्योगिक संबंध) कायद्याने बोलणी करायचा हक्क एका प्रतिनिधी युनियनला. अडीच लाख कामगार संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे रस्त्यावर. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना खुर्ची नाही आणि ज्यांना खुर्ची आहे त्यांच्यामागे माणूस नाही. मध्यस्थ कितीही हुशार आणा, काय करील? संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. विरून गेला, आणि त्याबरोबर आम्हीही.

दुसरं, जॉबरबद्दल, म्हणजे खात्यातल्या मुकादमाबद्दल. खात्यातली भांडणं जॉबरच सोडवायचा, दहा मिनिटांत. दोघांना उभं करायचा, "काय रे, झालं ना?" की दोघंही "हो". कारण उद्या गेटवर कोणाला बदली द्यायची हे त्याच्याच हातात. भांडण तिथे सुटायचं नाही, खाली दबायचं. मग चाळीत निघायचं, एखाद्याचं डोकं फुटून.

पुढे मी कुर्ल्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात वीस वर्षं कमिटीवर होतो. पर्सोनेलचा, म्हणजे आजच्या एचआरचा, साहेब "मी तटस्थ आहे" म्हणाला की आम्ही आधी दरवाजा कुठे आहे ते बघायचो. एकच साहेब असा भेटला, त्याने बसल्या बसल्या सांगितलं, "मी कंपनीचा माणूस. पगारवाढ, बडतर्फी यावर माझ्याशी बोलू नका, मी तिकडचाच. पण तुम्हा दोघांच्या मशीनचं भांडण असेल तर त्यात मला काही मिळायचं नाही, ते सांगा." त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवला.

मुग्धा_टी | १८ जाने, ११:३०

नाना, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या इमारतीच्या आवारात गिरणीची जुनी धुराची चिमणी ठेवलीय, तिच्याखाली कॉफीचं दुकान आहे. मी तिथे रोज उभी असते.

सगळ्यांचे आभार. कोर्स पुढच्या शनिवारपासून.

मुग्धा_टी | १ फेब्रु, २१:४५

चार दिवस झाले, एक राहिलाय. शाल्मलीताई, तुम्ही चौथ्या मिनिटाला निकाल दिलात, मी तिसऱ्या. आणि वर "सॉरी म्हणून टाका ना" असंही म्हणाले.

सगळ्यात अवघड गेलं ते शांत बसणं. एका रोल-प्लेत समोरची बाई (नाटकातली!) रडायला लागली. मी लगेच पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, टिश्यू दिला, पाठीवर हात ठेवला. प्रशिक्षक म्हणाले, "आता दुसऱ्या पार्टीकडे बघा." तो माणूस खुर्ची मागे सरकवून, हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या लेखी मी तिची झाले होते. नाटक होतं, तरी त्याचा चेहरा खरोखर कडू झाला होता. पाणी आता बैठकीच्या आधीच दोघांसमोर ठेवते.

वेगवेगळं बसून बोलायचं असतं तो भागही आवडला. एकाने खासगीत सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही. इथे मी हात वर केला: एचआर म्हणून मला काही कळलं, बिलात घोळ आहे असं समजा, तर ते मी पोटात ठेवू शकते का? वर्गात अर्धा तास वाद झाला.

शाल्मली_दादर | १ फेब्रु, २२:३०

नाही ठेवू शकत, आणि ते बसायच्या आधीच सांगायचं. "अमुक अमुक ऐकलं तर मी थांबवीन आणि ते पुढे न्यावं लागेल." कोर्टातल्या मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही, त्याला कायद्याचं कवच आहे. तुमच्या केबिनमधल्या गप्पांना ते आपोआप मिळेलच असं नाही. म्हणून डायरेक्टरकडून एक पानाचं पत्र घ्या: काय विचारणार नाही, काय सांगावंच लागेल. टिपणं दोघांसमोर फाडायची. एचआरचा हात फाईलकडे जातो, तो धरून ठेवा.

खडूस_कोकणी | १ फेब्रु, २२:४१

डायरेक्टर असं पत्र देणार? मग मी संत्रं सालासकट खाईन.

मुग्धा_टी | २९ मार्च, २२:०८

धागा वर काढतेय. खडूसराव, संत्रं आणून ठेवा.

पत्र मिळायला तीन आठवडे लागले. डायरेक्टर आधी हसले, मग चिडले: "माझ्याच ऑफिसात माझ्यापासून काय लपवायचं?" मी त्यांना एवढंच विचारलं, की अकरा महिने प्रत्येक मेल तुम्हाला सीसी आहे, तुम्हाला सगळं माहीत आहे, काही सुटलं का? पत्र आलं. एक पान नव्हे, सहा ओळी. चालतंय.

दोघांना वेगवेगळं भेटून मी नानांच्या साहेबांसारखं सांगितलं: मी कंपनीची आहे, अप्रेझल, पगार, बदली यावर बोलायचं असेल तर मी योग्य माणूस नाही, तुमच्या दोघांमधल्या गोष्टीत मला काही मिळणार नाही. नाही म्हणालात तर फाईलवर काही येणार नाही. अकाउंट्सचे लगेच हो म्हणाले. मॅडमनी नऊ दिवस घेतले.

बसलो माझ्या केबिनमध्ये नाही, आठव्या मजल्यावरच्या जुन्या रेकॉर्ड रूममध्ये. लिनन रूम नव्हती :) पहिल्या दिवशी दोन तास नुसता इतिहास. सविस्तर सांगू शकत नाही, आणि काही तपशील मी इथे बदललेतही. मूळ ठिणगी एका ई-वे बिलाची नव्हतीच, तशी सगळ्यांची समजूत होती. एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर एक वाक्य बोललं गेलं होतं. बोलणाऱ्याला ते आठवतसुद्धा नव्हतं. ऐकणाऱ्याला त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत पाठ होतं.

माफी मागितली गेली नाही. मी मागायला लावलीही नाही. दुसऱ्या बैठकीत निवृत्त_फाईल काकांची आठवण झाली आणि आम्ही तिघांनी मिळून चार ओळी लिहिल्या. चलान दुपारी चारच्या आत. अडलं तर आधी इंटरकॉम, मग मेल. सीसी दोघांच्या संमतीने. मीटिंगमध्ये एकमेकांच्या खात्यावर बोलायचं तर आदल्या दिवशी कल्पना द्यायची. "सीसी" या शब्दावर पाऊण तास गेला. टिपणं तिथेच फाडली.

दुसऱ्याच दिवशी डायरेक्टर लिफ्टमध्ये भेटले. "मग? कोण खोटं बोलत होतं?" मी म्हटलं, सर, सहावी ओळ. ते गप्प बसले. आठव्यापर्यंत लिफ्ट फार हळू जाते हे पहिल्यांदा कळलं.

खडूस_कोकणी | २९ मार्च, २२:२०

हार मानतो. पण प्रमोशनवाल्या भांडणात काय केलं असतंत?

मुग्धा_टी | २९ मार्च, २२:२६

हात लावला नसता. तिथे मी तिकडचीच आहे.

गिरणगावचा_नाना | ३० मार्च, ०६:५०

हे आवडलं.

संगणकी_हमाल | ३० मार्च, ०९:४०

आमच्या रिमोटचा सेलोटेप काल कोणीतरी कापला. आता १८ वर आहे. मुग्धाताई, बेलापूरला येण्याचं काय घ्याल?

रात्रपाळी | ३० मार्च, १४:१५

मुग्धा, छान गं. एलओसी उठली का मग?

मुग्धा_टी | ३० मार्च, १९:३३

अर्धी. इंटरकॉमवर बोलतात, सात पावलांवरून! समोरासमोर अजून नाही. नाराज झालाय तो आमचा शिपाई. म्हणतो, पूर्वी फाईल पोचवली की दोन्ही टेबलांवर चहा मिळायचा, आता कोणी विचारत नाही.

चहाबाज | ३० मार्च, १९:३६

म्हणजे मांडवलीतला कट तोच खात होता तर!